ताबा, तागडी आणि तुरुंग

वर्तमानपत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक बातमी हल्लीं जवळजवळ रोज असते. अमुक नाक्यावर पोलिसांनीं एका तरुणास हटकलें, त्याच्या ताब्यांत इतके ग्रॅम अंमली पदार्थ मिळाला, बाजारभावानें त्याची किंमत इतके लक्ष रुपये, अधिक तपास चालू आहे. वाचक ती वाचतो, 'बरें झालें, एक पकडला' म्हणतो आणि पान उलटतो. 'ताबा', 'ग्रॅम' आणि 'तपास' या तीन शब्दांना कायद्यांत अगदीं ठराविक अर्थ आहेत, आणि त्या अर्थांवर एका माणसाच्या आयुष्याचीं दहा ते वीस वर्षें लोंबकळत असतात, ही गोष्ट शिकल्यासवरल्या मंडळींपैकीं सुद्धां थोड्यांच्याच ध्यानांत असेल. बातमींत मालाची किंमत मात्र हटकून छापलेली असते. गंमत ही कीं, शिक्षा ठरवितांना कायद्यास किंमतीशीं कांहींएक कर्तव्य नाहीं. त्याला वजन हवें असतें.

ज्या कायद्याखालीं ही अटक होते त्याचें नांव लांबलचक आहे: गुंगीकारक औषधिद्रव्यें आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयींचा १९८५ सालचा अधिनियम. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजीं अंमलांत आला. पोलीस ठाण्यांत व कोर्टांत त्यास 'एनडीपीएस' या आद्याक्षरांनीं ओळखतात. बहुतेकांची समजूत अशी असणार कीं, हा कायदा गर्दुल्ल्यांचा आणि तस्करांचा. प्रपंची माणसाचा त्याच्याशीं संबंध काय? संबंध आहे. ज्याची मालमोटार भाड्यानें फिरते, ज्याच्या गुदामांत दुसऱ्याचा माल उतरतो, ज्याची खोली परगांवच्या विद्यार्थ्यास दिलेली आहे, ज्याचें औषधांचें वा रसायनांचें दुकान आहे, आणि ज्याचा मुलगा वसतिगृहांत राहतो, अशा प्रत्येकाच्या उंबऱ्यापर्यंत हा कायदा येऊन थांबलेला आहे.

या कायद्यांतील सर्वांत कडक कल्पनेचें मूळ शोधूं गेल्यास तें नीतिशास्त्रांत सांपडत नाहीं, सरकारी वसुलींत सांपडतें. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबई बंदरांतून चीन देशास जात असे, आणि सरकार तिच्यावर परवान्याची जकात घेत असे. बंगालच्या बाजूस तर अफू हा सरकारचा मक्ताच होता. १८५७ आणि १८७८ सालचे अफूचे कायदे झाले ते लोकांचें व्यसन सुटावें एवढ्याकरितां नव्हेत; परवान्याबाहेरची अफू फिरूं नये हा त्यांचा मुख्य कटाक्ष. १८७८ च्या कायद्याच्या १० व्या कलमांत असें घातलें होतें कीं, ज्या अफूचा समाधानकारक खुलासा आरोपीस करतां येत नाहीं, तिच्या बाबतींत त्यानें गुन्हा केला असें गृहीत धरावें. फिर्यादीनें आरोप सिद्ध करावा हा न्यायाचा सर्वमान्य नियम. तो येथें उलटा झाला. पण त्या वेळीं शिक्षा किती होती? फार झालें तर एक वर्षाची कैद, किंवा एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गांजा-भांगेसंबंधीं १८९३ सालीं खास कमिशन नेमलें गेलें, त्यानें अकराशेंहून अधिक साक्षीदार तपासले, आणि सरसकट बंदी नको, कर व परवाना यांनीं काम भागेल, असा अभिप्राय १८९४ त दिला. पुढें १९३० सालीं घातक औषधांचा कायदा झाला. १९८५ त तो रद्द झाला त्या वेळीं त्यांतील कमाल शिक्षा तीन वर्षें, आणि दुसऱ्यांदा गुन्हा केल्यास चार वर्षें एवढीच होती. किमान शिक्षा अशी नव्हतीच.

१९८५ सालीं हें सर्व बदललें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशानें सही केलेली होती, हेरॉईनचा चोरटा व्यापार वाढत होता, आणि जुन्या शिक्षांचा कोणास धाक उरला नाहीं असें सरकारचें म्हणणें होतें. तें अगदींच खोटें नव्हतें. परंतु नवा कायदा करतांना एक-तीन वर्षांच्या जागीं बहुतेक गुन्ह्यांस एकदम किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आली, आणि गृहीत धरण्याचा तो जुना नियम मात्र नुसता कायम राहिला असें नव्हे, तर अधिक रुंद झाला. एक वर्षाच्या कैदेच्या मापानें शिवलेला अंगरखा वीस वर्षांच्या कैदेच्या अंगावर चढविला गेला. तो कोठें उसवतो आहे हें पाहण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाहीं. १९८९ सालीं जामिनाची वाट जवळजवळ बंद करण्यांत आली आणि ठराविक मोठ्या प्रमाणांतील दुसऱ्या गुन्ह्यास देहान्त शिक्षा सक्तीची केली गेली. ही सक्ती घटनेस धरून नाहीं असें मुंबई उच्च न्यायालयानें २०११ सालीं ठरविल्यावर संसदेनें २०१४ त ती न्यायाधीशाच्या इच्छेवर सोडली.

आतां तागडीकडे वळूं. कारण व्यापारी वाचकांस ही भाषा आमच्यापेक्षां चांगली कळते. २००१ च्या दुरुस्तीनें प्रत्येक पदार्थापुढें दोन आंकडे बसविले, एक 'लहान प्रमाणाचा' व एक 'व्यापारी प्रमाणाचा'. गांजा १ किलो आणि २० किलो. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. अफू २५ ग्रॅम आणि अडीच किलो. हेरॉईन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मेफेड्रोन, ज्याला आमच्याकडील पोरें 'एमडी' म्हणतात, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. लहान आंकड्याहून कमी माल असल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोहोंच्या मधलें वजन असल्यास दहा वर्षांपर्यंत कैद व लाखापर्यंत दंड. पण किती, तें न्यायाधीश ठरवील. मोठ्या आंकड्याहून अधिक असल्यास मात्र दहा वर्षांहून कमी नाहीं, वीसपर्यंत जाऊं शकेल, दंडही एक लाखाहून कमी नाहीं. येथें न्यायाधीशाचा हात बांधलेला आहे. आरोपीचें वय, त्याची गरिबी, मालाशीं त्याचा खरा संबंध, पहिलाच गुन्हा असणें, यांपैकीं कशाच्याही नांवानें त्यास नऊ वर्षें अकरा महिने देतां येत नाहींत.

तागडी निष्पक्षपाती असते हें खरें. परंतु ती आंधळीही असते. वीस किलो गांजा बाळगणारास दोन वर्षांवर सोडतां येईल, त्यांत एक मूठ आणखी पडली कीं दहा वर्षें. आणि माल कोणाचा, कशासाठीं, हा प्रश्न शिक्षेच्या पायरीशीं येतच नाहीं. पांचशें रुपयांच्या हमालीसाठीं दुसऱ्याची गोणी एस.टी.च्या टपावर चढविणारा खेडूत आणि ती गोणी धाडणारा, ज्याचें नांव खेडुतास ठाऊकही नसतें, हे दोघे एकाच कलमाच्या एकाच ओळींत बसतात. फरक इतकाच कीं, खेडूत सांपडतो.

त्यांत २०२० सालच्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं असा निर्णय दिला कीं, वजन करतांना शुद्ध द्रव्याबरोबर त्यांत मिसळलेली भुकटीही धरावयाची. २००८ चा याच न्यायालयाचा निर्णय उलट होता. तो रद्द झाला. याचा अर्थ व्यवहारांत असा: २६० ग्रॅमच्या पुडींत दहा ग्रॅम हेरॉईन आणि अडीचशें ग्रॅम निरुपद्रवी पीठ असलें, तरी ती व्यापारी प्रमाणाची पुडी, आणि दोनशें ग्रॅम अगदीं शुद्ध, म्हणजे वीसपट मारक हेरॉईन ज्याच्याजवळ आहे, तो मधल्या पायरीवरचा. न्यायालयाची कारणें आम्ही वाचलीं आहेत. रस्त्यावर शुद्ध माल विकलाच जात नाहीं, आणि भेसळीचा माल विकणाऱ्यास भेसळीबद्दल सूट कां द्यावी, हा मुद्दा बिनतोड वाटतो. तरीही दुधांत पाणी घालणाऱ्यास पाण्याच्या वजनानें शिक्षा करणारा कायदा इतर कोठें आढळतो काय, असें विचारावेसें वाटतें.

गांजाच्या व्याख्येंतही अशीच मौज आहे. कायद्याच्या दृष्टीनें गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे वा फळांचे शेंडे. शेंड्यांवाचून असलेलीं नुसतीं पानें व बिया त्यांत येत नाहींत. म्हणून पानांची भांग ही या केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहिली आणि तिचा कारभार राज्यांकडे गेला. महाराष्ट्रांत ती १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं येते. उत्तरेकडील कांहीं राज्यांत तिचीं सरकारमान्य दुकानें आहेत. एकाच झाडाचें पान ठंडाईंत घोटलें तर सण, आणि त्याच झाडाचा शेंडा चिलमींत भरला तर तुरुंग! पकडलेल्या मालांत शेंडे किती, पानें व देठ किती, हें वेगळें न करतां सगळ्या गोणीचें वजन मांडण्याची संवय तपास करणाऱ्यांस असते. वीस किलोच्या काठावर असलेल्या खटल्यांत या एका संवयीवर आरोपीचें भवितव्य ठरतें.

पण वजनाच्याही आधीं ताबा सिद्ध व्हावा लागतो, आणि सामान्य माणसानें नीट समजून घ्यावें असें या कायद्यांत कांहीं असेल तर तें हेंच. ताबा म्हणजे नुसतें जवळ असणें नव्हे. अफूच्या जुन्या कायद्याखालील एका खटल्यांत १९७३ सालीं, आणि या कायद्याखालील खटल्यांत २००३ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, वस्तु आपल्या कबजांत आहे व ती काय आहे याची जाणीव आपणांस आहे, अशा दोन्ही गोष्टी मिळून ताबा होतो. येथवर सगळें आमच्या सहज न्यायबुद्धीस पटतें. पुढची पायरी निसरडी आहे. वस्तु आरोपीच्या कबजांत होती एवढें फिर्यादी पक्षानें दाखविलें, कीं ३५ व्या व ५४ व्या कलमांनीं बाकीचें गृहीत धरलें जातें: त्याला माहीत होतें, त्याचा हेतु होता. 'मला माहीत नव्हतें' हें त्यानेंच सिद्ध करावयाचें, आणि तेंही शंकेला जागा राहणार नाहीं इतक्या पक्केपणानें. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हीं कलमें घटनेस धरून आहेत असें ठरविलें, परंतु त्याच निकालांत बजाविलें कीं, मुळांतील गोष्टी, म्हणजे झडती खरोखर झाली, माल खरोखर तेथेंच मिळाला, तपासला गेलेला नमुना त्याच मालाचा होता, या फिर्यादी पक्षानें निःसंशय शाबीत केल्याखेरीज हें गृहीतक उभेंच राहत नाहीं.

एका व्यापाऱ्याच्या जागीं आपणांस कल्पून पाहा. बिल्टीवर 'सुकी मिरची' लिहिलेलें आहे, चाळीस पोतीं तुमच्या गुदामांत उतरलीं, पैकीं दोहोंत मिरचीच्या तळाशीं दुसरेंच कांहीं निघालें. गुदाम तुमचें, किल्ली तुमची, पावतीवर सही तुमच्या मुनिमाची. तुम्हांस माहीत नव्हतें हें तुम्ही कशानें दाखविणार? नुसत्या शपथेनें नव्हे. पाठविणारा कोण, त्याच्याशीं पूर्वींचा व्यवहार किती वर्षांचा, भाडें कोणत्या खात्यावरून आलें, पोतीं उतरल्यावर कोणी हात लावला, या नोंदी तुमच्या दप्तरांत असतील तर त्या तुमच्या बाजूनें बोलतील. मालमोटारीच्या मालकाची स्थिति याहून बिकट. ज्या वाहनांतून माल नेला गेला तें ६० व्या कलमाखालीं जप्त होण्यास पात्र ठरतें, आणि सोडवावयाचें तर आपल्याला, आपल्या गुमास्त्याला व वाहन ज्याच्या हवालीं होतें त्याला, तिघांसही माहीत नव्हतें आणि तिघांनींही योग्य ती खबरदारी घेतली होती, हें मालकानें दाखवावें लागतें. खटला संपेपर्यंत गाडी ठाण्याच्या आवारांत गंजत ठेवलीच पाहिजे असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं स्पष्ट केलें, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट. घरमालकास २५ वें कलम लागू शकतें. पण तेथें त्यानें जाणूनबुजून जागा वापरूं दिली असें असावें लागतें.

औषधविक्रेत्यांस व रसायनांच्या व्यापाऱ्यांस आमचें सांगणें थोडें निराळें आहे. या कायद्याचे पदार्थ केवळ काळोख्या गल्लींत विकले जातात असें नाहीं. अल्प्राझोलाम व डायझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या त्याच यादींत आहेत. ट्रॅमाडोल हें वेदनाशामक २०१८ सालीं त्यांत घातलें गेलें. योग्य परवाना, डॉक्टरची चिठ्ठी आणि नोंदवही हीं जागच्या जागीं असलीं तर वैद्यकीय व्यवहारास मोकळीक आहे. तीं नसतील तर हें प्रकरण औषधांच्या कायद्याखालीं किरकोळींत मिटेल असें समजूं नये, हा कायदाही लागू शकतो असें २०१८ त सर्वोच्च न्यायालयानेंच ठरविलें आहे. शिवाय 'नियंत्रित पदार्थ' म्हणून एक तिसरा वर्ग आहे. ॲसेटिक ॲनहायड्राइड किंवा एफेड्रिन हे पदार्थ स्वतः नशेचे नव्हेत, कारखान्यांत व औषधांत त्यांचा रीतसर उपयोग आहे. पण हेरॉईन आणि मेथॲम्फेटामिन बनविण्यास तेच लागतात. त्यांच्या व्यापारास २०१३ च्या हुकुमान्वयें नोंदणी व चोख हिशेब लागतो, आणि हुकूम मोडल्यास २५-अ कलमाखालीं दहा वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. गिऱ्हाईक नगद देतो व बिल नको म्हणतो, हें पाहून ज्यास आनंद होतो त्यानें हें कलम एकदां वाचावें.

खटला लागला म्हणजे काय होतें? लहान प्रमाणाचा गुन्हा सुद्धां अजामीनपात्र आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०२० च्या ऑक्टोबरांत ठरविलें. म्हणजे जामीन मिळणारच नाहीं असें नव्हे, पण तो ठाण्यावर हक्कानें मिळत नाहीं, कोर्टाकडे मागावा लागतो. व्यापारी प्रमाण असल्यास ३७ वें कलम आडवें येतें: आरोपी निर्दोष असल्याचें मानण्यास सबळ कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाहीं, अशी न्यायाधीशाची खात्री झाली पाहिजे. पुरावा अजून पुढें आलेलाच नाहीं अशा वेळीं निर्दोषपणाची खात्री कोणी व कशी करावी? अशा खटल्यांत तपासाची मुदत सर्वसाधारण गंभीर गुन्ह्यांप्रमाणें नव्वद दिवसांची नसून एकशें ऐंशी दिवसांची, आणि सरकारी वकिलाच्या अहवालावर ती एक वर्षापर्यंत वाढते. यामुळें दोष सिद्ध होण्यापूर्वींच अर्धीअधिक शिक्षा भोगून झालेली माणसें आपल्या तुरुंगांतून आढळतात. सर्वोच्च न्यायालयानें १९९४ सालींच सांगून ठेवलें होतें कीं, दहा वर्षांच्या किमान शिक्षेच्या आरोपाखालीं पांच वर्षें कच्च्या कैदेंत काढलेल्यांस जामिनावर सोडावें. तरी २०२३ सालीं त्याच न्यायालयापुढें सात वर्षांहून अधिक काळ खटला न संपतां आंत राहिलेला आरोपी यावा लागला, आणि विलंब आपला असतां ३७ व्या कलमाचें कुलूप त्याच्या दारास लावतां येत नाहीं, हें न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें.

२०२१ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून निघालेल्या एका पर्यटनजहाजाचें प्रकरण वाचकांस आठवत असेल. एका सुप्रसिद्ध नटाच्या मुलास त्यांत अटक झाली. त्याच्याजवळ कांहीं मिळालेलें नव्हतें, तरी कटाचा आरोप होता. पंचवीसेक दिवस तो तुरुंगांत होता. उच्च न्यायालयास कटाचा पुरावा दिसला नाहीं, आणि २०२२ च्या मे महिन्यांत आरोपपत्र दाखल झालें त्यांत त्याचें नांवच नव्हतें. त्या पंचवीस दिवसांत आमच्या व्यवसायबंधूंनीं जें जें छापलें व दाखविलें त्याची उजळणी आम्ही करीत नाहीं, लाज वाटते. ज्याचा बाप देशांतले उत्तम वकील उभे करूं शकतो त्याची ही गत, तर ज्याला वकील कोणाला म्हणतात हेंच माहीत नाहीं त्याची काय होत असेल, याचा अंदाज आपला आपणच करावा.

अशा कायद्यांत आरोपीच्या बाजूला एकच वजन ठेवलेलें आहे, तें म्हणजे झडतीचे नियम. अंगझडती घेण्यापूर्वीं, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्या अशी मागणी करण्याचा तुम्हांस हक्क आहे, हें अधिकाऱ्यानें सांगितलेंच पाहिजे. ५० व्या कलमाचा हा अर्थ घटनापीठानें १९९९ सालीं व पुन्हा २०१० सालीं स्पष्ट केला. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, हातांतील पिशवीस तो लागू नाहीं, हें मात्र ध्यानांत ठेवावें. स्त्रीची झडती स्त्रीनेंच घ्यावयाची. खबर मिळाली तर ती आधीं कागदावर उतरवून वरिष्ठांकडे बहात्तर तासांत धाडावयाची. सूर्यास्तानंतर वॉरंटावांचून घरांत शिरावयाचें तर त्याचीं कारणें लिहून ठेवावयाचीं. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढावयाचे, असें २०१६ त सर्वोच्च न्यायालयानें बजाविलें. अधिकाऱ्यापुढें दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाहीं, हा निर्णय तर २०२० च्या ऑक्टोबरापर्यंत यावयाचा होता. तोंवर पस्तीस वर्षें अशा जबाबांवर माणसें दोषी ठरत आलीं.

हे नियम मोडल्यामुळें आरोपी सुटला म्हणजे शहरांतले सद्गृहस्थ हळहळतात. 'तांत्रिक मुद्द्यावर सुटला', हा त्यांचा शब्द. त्यांस आमचा प्रश्न असा कीं, ज्या कायद्यांत माल सांपडल्याबरोबर अपराध गृहीत धरला जातो, तेथें माल खरोखर सांपडला कीं सांपडविला गेला, हें पाहण्याचें दुसरें साधन कोणतें? व्यापारी माणूस मुनिमाची सही नसलेली पावती स्वीकारीत नाहीं, त्याला तो तांत्रिक मुद्दा म्हणत नाहीं. एका पुडीवर वीस वर्षें अवलंबून असतां त्या पुडीवरचें लाखेचें शील शाबूत होतें काय, हा प्रश्न क्षुल्लक कसा? अधिकारी नियम पाळतील तर खरा तस्कर सुटणार नाहीं. नियम न पाळण्याचा दोष त्यांचा, आणि राग मात्र न्यायालयावर, हा उफराटा न्याय आहे.

आम्ही नशेच्या व्यापाऱ्यांची वकिली करीत आहों असा आक्षेप कोणी घेईलच. तो घेणारास आम्ही २०२४ च्या फेब्रुवारींतील पुणें जिल्ह्याची आठवण देतों. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतील कारखान्यावर छापा पडला आणि त्या प्रकरणांत मेफेड्रोनचा साठा शेंकडों किलोंनीं मोजावा लागला. ५० ग्रॅम हें जेथें व्यापारी प्रमाण, तेथें शेंकडों किलो! हा पदार्थ २०१५ पर्यंत या कायद्याच्या यादींत सुद्धां नव्हता. असले कारखाने चालविणारे, त्यांस पैसा पुरविणारे, त्यांकडे डोळेझांक करणारे, यांना वीस वर्षें मिळालीं तर आमच्या डोळ्यांतून टिपूस येणार नाहीं. आमची तक्रार अशी आहे कीं, त्यांच्यासाठीं घडविलेलें शस्त्र चिलीम ओढणाऱ्या पोरावर व गोणी वाहणाऱ्या मजुरावर पडतें, आणि त्यांच्यावर क्वचित्.

नशा करणाराविषयीं या कायद्यांत एक दार ठेवलेलें आहे; आमच्या वाचकांपैकीं शंभरांत एकास तें माहीत असेल तर नवल. सेवनाचा गुन्हा २७ व्या कलमांत आहे. कोकेन, हेरॉईन वगैरेंस एक वर्षापर्यंत व इतरांस सहा महिन्यांपर्यंत कैद. परंतु ६४-अ कलम सांगतें कीं, जो व्यसनी आहे व ज्याच्यावर केवळ सेवनाचा किंवा लहान प्रमाणाचा आरोप आहे, तो आपण होऊन सरकारमान्य संस्थेंत उपचार घेऊं लागला, तर त्याच्यावर खटला चालविला जाऊं नये. उपचार पुरे केले पाहिजेत, एवढी अट. ३९ व्या कलमानें न्यायालयासही असा आरोपी दोषी ठरल्यावर तुरुंगाऐवजीं उपचारास धाडतां येतो. हें दार उघडण्यासाठीं लागतात दोन गोष्टी. एक, मान्यताप्राप्त व्यसनमुक्ति केंद्र जवळ असणें. दुसरी, आरोपीस कोणीतरी हें सांगणें. बहुतेक तालुक्यांच्या गांवीं दारूचें दुकान जितक्या सहज सांपडतें तितक्या सहज पहिली गोष्ट सांपडत नाहीं, आणि दुसरीची जबाबदारी कोणावरच नाहीं. आणखी एक विसंगति पाहा: हें संरक्षण व्यसनी माणसाला आहे. मित्रांच्या संगतींत एकदांच झुरका घेतलेला कॉलेजांतील मुलगा व्यसनी नाहीं, म्हणून तो या दारांतून आंत येऊं शकत नाहीं. त्यानें सराईत व्हावें, मग सवलत मागावी!

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेली पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत भांग धरून गांजा-चरस सेवन करणारांची संख्या तीन कोटींहून अधिक आली आहे. इतक्या लोकांस तुरुंगांत घालावें असें कोणी म्हणणार नाहीं, आणि घालतांही येणार नाहीं. मग जो सांपडतो त्यालाच कां? पुष्कळदां याचें उत्तर तो कोणत्या वस्तींत राहतो, यांत असतें. बंगल्याच्या गच्चीवर ओढणारा आणि पुलाखालीं ओढणारा यांच्यांत कायदा भेद करीत नाहीं. गस्तीचा शिपाई करतो. त्यांत आपणां घरंदाज लोकांची चाल अशी कीं, मुलाचें व्यसन कळलें तरी अब्रूसाठीं दोन वर्षें लपवावयाचें, आणि अटक झाल्यावर मग वकील व डॉक्टर दोघांकडे एकाच दिवशीं धांवावयाचें. ६४-अ कलमाचा फायदा घरच्यांनीं आधीं घ्यावयाचा असतो; पोरानें एकट्यानें तो घ्यावा अशी अपेक्षा करणें फोल आहे.

संसदेनें हा कायदा १९८९, २००१, २०१४ असा पुनः पुनः हातीं घेतलेला आहे, तेव्हां तो पुन्हा घ्यावा म्हणणें कांहीं अघटित मागणें नव्हे. वजनाबरोबर आरोपीची भूमिका पाहण्याची मुभा न्यायाधीशास द्यावी; मजूर आणि मालक यांस एका ओळींत उभें करण्याची सक्ति काढून टाकावी. शुद्ध द्रव्याचें प्रमाण प्रयोगशाळेच्या अहवालांत नोंदवावें व शिक्षा ठरवितांना तें पाहावें. केवळ सेवनाच्या पहिल्या अपराधास, आरोपी व्यसनी असो वा नवशिका, उपचार व समज हाच मार्ग ठेवावा, आणि ६४-अ कलमाचा मजकूर मराठींत प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लावावा. यांतील शेवटच्या कामास तर संसदेचीही गरज नाहीं, राज्य सरकारास आठ दिवसांत तें करतां येईल.

आणि दुरुस्तीचा मसुदा हातीं घेणाऱ्या आमच्या खासदारांनीं ५८ वें कलमही डोळ्यांखालून घालावें. पुरेशा कारणाशिवाय एखाद्याच्या घरांत शिरणाऱ्या, विनाकारण त्याची झडती घेणाऱ्या वा छळ करण्याच्या बुद्धीनें त्यास अटक करणाऱ्या अधिकाऱ्यास त्यांत शिक्षा सांगितली आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दंडाची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे. १८७८ च्या कायद्यांत अफू बाळगणाऱ्यास जो कमाल दंड होता, तोच हा आंकडा.